जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहर या भागांतून जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारले आहे : कोणते डिझेल इंजिन बसवावे? माझ्या मते इंजिनाची निवड ही या कामातील पहिली पायरी नव्हे. गाडी वर्षाला किती धावते, कागदपत्रे काय सांगतात आणि गिअरचे गणित जुळते का, हे तिन्ही आधी तपासावे आणि मगच इंजिन पाहायला बाहेर पडावे.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची सीजे-३बी पेट्रोल जीप आहे. शेतावर आणि खानापूरच्या बाजारापर्यंत तिचा वापर होतो. लिटरला सात किलोमीटर मिळतात. आहे तेच इंजिन डिझेलवर चालवता येईल का? न आल्यास इंजिन बदलणे परवडेल का? (जांबोटी)

आहे ते इंजिन डिझेलवर चालणार नाही. तुमच्या जीपमधील २.२ लिटरचे हरिकेन इंजिन हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण सातपट दाबून ठिणगीने पेटवते. त्या काळच्या जीपच्या डिझेल इंजिनात मात्र नुसती हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारताच ते आपोआप पेट घेते. हा दाब पेलण्यासाठी ब्लॉक, क्रँक, पिस्टन आणि हेड मुळातच जाड व मजबूत बनवलेले असतात, त्यामुळे संपूर्ण इंजिनच बदलावे लागते.

परवडण्याचा हिशेब कागदावर मांडावा. पेट्रोल १०३ रुपये, डिझेल ९१ रुपये आणि बदलानंतरचे मायलेज अकरा किलोमीटर धरले, तर पेट्रोलवर किलोमीटरला १४ रुपये ७१ पैसे आणि डिझेलवर ८ रुपये २७ पैसे लागतात. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे साडेसहा रुपये वाचतात. इंजिन, माउंटिंग, क्लच, रेडिएटर, वायरिंग आणि मजुरी मिळून दोन लाख खर्च आला असे मानले, तर तो वसूल होण्यासाठी सुमारे ३१,००० किलोमीटर धावावे लागेल. शेत आणि बाजार एवढ्याच वापरात वर्षाला तीन हजार किलोमीटर होत असतील, तर त्याला दहा वर्षे लागतील. अशा जीपचे मूळ इंजिन नीट बोअर करून, व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर दुरुस्त करून घ्यावे, असाच माझा स्पष्ट सल्ला आहे. चांगल्या स्थितीतील मूळ पेट्रोल जीप आता फार उरलेल्या नाहीत, हेही मला महत्त्वाचे वाटते.

रोजचा वापर मोठा असेल, तर महिंद्राने स्वतःच्या डिझेल जीपमध्ये दिलेले प्यूजो बनावटीचे २.१ लिटरचे एक्सडीपी ४.९० इंजिन प्रथम पाहावे. ते जीपसाठीच वापरले गेल्यामुळे त्याची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच), माउंटिंग आणि सुटे भाग जुन्या डिझेल जीपमधून मिळू शकतात आणि मेस्त्रींनाही ते परिचयाचे असते.

प्रश्न : नात्यातील एका शेतकऱ्याकडे ट्रॅक्टरचे चांगले इंजिन स्वस्तात मिळत आहे. त्याची ताकद जास्त आहे, मग तेच जीपला का बसवू नये? (हुक्केरी)

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा जोर खरा असला, तरी त्याची गती कमी असते. अनेक ट्रॅक्टर इंजिनांची कमाल गती मिनिटाला २२०० फेऱ्यांच्या आसपास असते. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचे (इंजिनाची फिरकी चाकांना वाटून देणाऱ्या, ॲक्सलमधील गिअरपेटीचे) गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे चाकाची एक फेरी पूर्ण होण्यासाठी टॉप गिअरमध्येही इंजिनाला ५.३८ फेऱ्या घ्याव्या लागतात. सोळा इंची रिमच्या मूळ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर २२०० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि त्या वेगालाही इंजिन सतत आपल्या टोकाच्या गतीवर ओरडत राहते. बेळगावहून निपाणीकडे राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या रांगेत अशी गाडी चालवणे त्रासाचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. डिफरन्शियलचे गिअर बदलून वेग वाढवता येतो. मात्र फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे आणि मागचे असे दोन्ही डिफरन्शियल एकाच गुणोत्तराचे बदलावे लागतात, नाहीतर फोर-बाय-फोर लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण येऊन ती तुटू शकते. शिवाय ट्रॅक्टरच्या इंजिनाचे वजन पुढच्या पाट्यांना आणि स्टिअरिंगला झेपणारे नसते. स्वस्तात मिळालेले हे इंजिन शेवटी महागच पडेल.

प्रश्न : चंदगडहून एमएच-०९ पासिंगची पेट्रोल जीप घेतली आहे. ती केए-२२ वर आणून डिझेल इंजिन बसवायचे आहे. आधी काय करावे? (बेळगाव)

आधी कागद, मग पाना. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवले, तर इथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हे काम गाडी मूळ पेट्रोल इंजिनावर असतानाच पूर्ण करावे. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशा अवस्थेत गाडी तपासणीला नेली, तर ती तिथेच अडकेल.

इंजिन बदलाचा विषय कलम ५२ मध्ये येतो. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतील नोंद विसंगत होईल असा बदल करण्यास ते कलम मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची सवलत त्या कलमात आहे. परंतु भंगारातून आणलेले कोणतेही डिझेल इंजिन त्या सवलतीत बसते असे समजू नये. म्हणून इंजिनाचा मेक, क्रमांक आणि खरेदीची पावती जोडून आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि लेखी परवानगी हाती आल्याशिवाय जुने इंजिन उतरवू नये. तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. न कळवलेल्या बदलावरून नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाऊ शकतो. परवानगी मिळाली नाही, तर हा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : मारुतीच्या पेट्रोल जिप्सीला डिझेल इंजिन बसवून घेतले. इंजिन उत्तम चालते, पण ब्रेक दगडासारखा कडक झाला आहे. मेस्त्री म्हणतात, सवय होईल. (निपाणी)

सवय होण्याची वाट पाहू नका आणि दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात निर्माण होतो. त्याच निर्वातावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चालतो. जुन्या डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत सहसा अशी झडप नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमधून बूस्टरला काहीच मिळत नाही आणि सगळा जोर पायाला लावावा लागतो. यावर उपाय म्हणजे वेगळा व्हॅक्यूम पंप. अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागच्या बाजूलाच जोडलेला असतो. त्याला इंजिनातून ऑइलचा पुरवठा आणि ऑइल परत जाण्याची वाट अशा दोन्ही नळ्या लागतात. बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्हही हवा.

काम झाल्यावर पुढीलप्रमाणे तपासावे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हललेच नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नये. चोर्ला किंवा आंबोलीच्या उतारावर भरलेली गाडी थांबवायची असते, तेव्हा या एका पंपावर माणसांचा जीव अवलंबून असतो.

प्रश्न : जिप्सीत इंजिन बसवताना जागेची अडचण येते का? (चिकोडी)

येते, आणि ती बहुधा खालून येते. पुढचा डिफरन्शियल इंजिनाच्या खालीच वरखाली होत असल्याने नव्या इंजिनाची ऑइल संप (तळाची ऑइलची टाकी) त्याला लागते. पाटे पूर्ण दाबले गेले तरी दोन्हींत मोकळी जागा राहते ना, हे इंजिन पक्के करण्यापूर्वी पाहावे. अंतर मिळावे म्हणून इंजिन नुसते वर उचलले, तर प्रोपेलर शाफ्टचा (डिफरन्शियलपर्यंत फिरकी नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून जॉइंट लवकर जातात. त्यापेक्षा संपचा आकार बदलून घेणे चांगले.

प्रश्न : बदल करून घेतलेली जीप पावसाळ्यात सकाळी सुरूच होत नाही, आणि चालता चालता मध्येच बंद पडते. (कणकुंबी)

दोन तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. सकाळी सुरू न होण्यामागे हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा प्लग) किंवा बॅटरी असते : पेट्रोल इंजिनाची लहान बॅटरी डिझेलचे सेल्फ पुरेशा गतीने फिरवू शकत नाही, म्हणून बॅटरी आणि तिच्या जाड केबल्स दोन्ही बदलाव्या लागतात. मध्येच बंद पडण्यामागे टाकीतले पाणी किंवा कचरा असण्याची शक्यता अधिक. जुन्या पेट्रोल टाकीत साचलेला गाळ डिझेलने सुटून फिल्टरमध्ये अडकतो. तुमच्याकडच्या संततधार पावसात झाकणातून पाणीही शिरते, आणि ते फ्युएल पंपापर्यंत पोहोचले तर पंप व नोझल दोन्ही निकामी होतात. टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी, झाकणाचा रबर बदलावा, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि पावसाळ्यात त्याच्या तळाचा स्क्रू दर आठवड्याला सैल करून पाणी काढून टाकावे. पंप आणि नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी जोडली आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. पेट्रोल टाकीला बऱ्याचदा ती सोयच नसते.