आयव्ही साइटवर (शिरेत सलाईनची नळी घातलेल्या जागेवर) कुठलं ड्रेसिंग लावायचं?
अगं, आधी साइट बघ आणि मग ड्रेसिंग उचल. साइट कोरडी असेल तर ट्रान्सपरंट फिल्मच (पारदर्शक चिकट पट्टी) लाव, कारण आतली लाली, सूज, पू काही न उघडता दिसतं, पण रक्त झिरपत असेल किंवा पेशंटला खूप घाम येत असेल तर फिल्मखाली ओल साचते, तिथे गॉझच (जाळीदार सुती कापड) बरा. सेंट्रल लाइनला (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणाऱ्या नळीला) गॉझ २ दिवसांनी, फिल्म ७ दिवसांनी बदलतात, पण कडा सुटली किंवा ओलं झालं की लगेच बदलायचं, तारखेची वाट बघत बसू नकोस. आणि ड्रेसिंग लावायच्या आधी त्वचेवर लावलेलं क्लोरहेक्सिडीन (जंतू मारणारं औषध) पूर्ण सुकू दे गं, फुंकर अजिबात मारायची नाही! मोठ्या माणसांच्या सेंट्रल लाइनला क्लोरहेक्सिडीनवालं ड्रेसिंग मिळालं तर तेच घे.