क्लास लावू की स्वतःच शिकू?

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणाला परदेशी भाषा शिकायची असते, कुणाला वाद्य, पण धास्ती एकच: स्वतः शिकलेलं कच्चं राहील, आणि क्लास लावला तर आपल्यात धमक नाही असं ठरेल.

समीर (नाव बदललं आहे) आठ महिने व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होता. "मॅडम, बघताना सगळं समजतं, पण मला येतंय का तेच कळत नाही."

मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "फोन बाजूला ठेव. येतंय ते लिही."

बराच वेळ पेन हवेतच होतं. मग आकड्यांच्या यादीतून सर्वांत मोठा आकडा शोधण्याच्या सात-आठ ओळी त्याने लिहिल्या. न बघता आठवण्याची ही धडपड वाया जात नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

"हा कागद कुणा जाणकाराला दाखवून ये," मी म्हटलं. त्याला संकोच वाटला, पण गेला.

पुढच्या भेटीत तो बसायच्या आतच बोलायला लागला. "मी सुरुवातीला सर्वांत मोठा आकडा शून्य धरला होता. यादीत सगळे आकडे ऋण असले तर उत्तर शून्य येतं, आणि शून्य तर यादीत नाहीच! त्यांना दोन मिनिटांत दिसलं. मी कितीदा चालवून पाहिलं होतं, दरवेळी बरोबर यायचं."

"का बरं?"

तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही. "कारण तपासायला आकडे मीच घेत होतो. ऋण आकडा मला सुचलाच नाही."

इतकी वर्षं हे काम करूनही, शिक्षक कशासाठी हवा हे मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. माहिती कुठूनही मिळते, पण चूक करणारं आणि ती तपासणारं डोकं एकच असेल तर तिथे दुसरी नजर लागते. एकट्याला जमतं आणि जाणकाराच्या मदतीने जमतं, या दोहोंमधल्या जागेत माणूस वाढतो, असं रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की मांडतो. मी त्याच्याच बाजूची. म्हणून आधी स्वतः झटा, अडलेला प्रश्न घेऊन मगच जा. मात्र वाहन, वीज, वजनं उचलणं, जिथे चूक अंगावर येते तिथे पहिल्या दिवसापासून शिकवणारा शेजारी हवाच.

समीरने क्लास लावला नाही. दर पंधरा दिवसांनी तो त्याच जाणकाराकडे अर्धा तास बसतो. परवा त्याने वहीचं शेवटचं पान दाखवलं. तीन प्रश्न होते, आणि प्रत्येकापुढे आधी स्वतः काय करून पाहिलं ते लिहिलेलं होतं.