पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजर झालोय, टीममधले सगळे वयाने मोठे आहेत. माणसांकडून काम करून घेणं शिकता येतं का? रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की बुटीबोरीला कारखान्याच्या शेडचं काम आहे, साइट इंजिनिअर होतात आणि आता पूर्ण प्रोजेक्ट तुमच्या गळ्यात पडलाय. शेड्यूल करता येतं, सॉफ्टवेअर येतं. पण मीटिंगमध्ये फोरमन, मुकादम, फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडा बनवणारा) सगळे मान डोलावतात आणि आठवडा संपला तरी काम जागेवरच. मी नागपुरात हेच काम करते. शेड, गोदामं, कधी ऑफिसं; हिंगणा, बुटीबोरी, मिहान हाच पट्टा. शिकता नक्कीच येतं. जन्मजात गोड बोलणारा माणूसच या कामात यशस्वी होतो असं मला कधीच दिसलेलं नाही.

आधी एकच गोष्ट तपासा. साइटवर काही बिघडलं तर ते तुमच्या कानावर किती वेळाने येतं? त्याच तासाला, त्याच संध्याकाळी, की आठ दिवसांनी मालकाच्या तोंडून? माझ्या मते प्रोजेक्ट मॅनेजरचं अर्ध्याहून अधिक काम इतकंच आहे: वाईट बातमी लवकर यावी आणि आणणाऱ्याला ती आणताना भीती वाटू नये. बाकी सवयी त्याच्या मागे येतात.

एक प्रसंग सांगते. एका गोदामाचं काम, एप्रिल महिना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेडेस्टलचं (लोखंडी कॉलम ज्यावर उभा राहतो त्या ठोकळ्याचं) काँक्रीट ठरलेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा काँक्रीट ओतण्यात अर्थ नसतो, म्हणून संध्याकाळची आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी सांगून ठेवली होती. आदल्या दिवशी दिवेलागणीला फोरमनचा फोन आला. "मॅडम, एक सांगाचं होतं. पिंजरा सरळ करताना टेम्प्लेट हललं. दोन बोल्ट बारा एमएम बाहेर दिसून राहिले." पिंजरा म्हणजे सळ्यांचा सांगाडा, टेम्प्लेट म्हणजे बोल्ट जागेवर धरणारी प्लेट. आवाज दबलेला होता, कारण टेम्प्लेट हलवलं ते त्यांच्याच माणसाने. मी म्हटलं, "बरं झालं भाऊ, आजच सांगितलं. बाकीच्या पेडेस्टलचे बोल्ट तपासले का? सर्व्हेअर सकाळी किती वाजता येतो?" कोणी हलवलं हे त्या फोनवर मी विचारलं नाही. आरएमसीवाल्याला फोन करून गाडी एक दिवस पुढे ढकलली, सकाळी लाइन-लेव्हल पुन्हा घेतली, विषय मिटला.

आता हाच फोन आला नसता तर काय झालं असतं ते बघा. ते अँकर बोल्ट (कॉलम पायाला बांधणारे) काँक्रीटमध्ये पक्के झाले असते. लोखंडी कॉलमच्या बेस प्लेटची भोकं फॅक्टरीतूनच पाडून येतात आणि त्यांत खेळ असतो काही मिलिमीटरचा. बारा एमएम बाहेर गेलेल्या बोल्टवर प्लेट बसतच नाही. हे कळतं कधी, तर कॉलम क्रेनला लटकलेला असताना. मग कोअर कटिंग (काँक्रीटला भोकं पाडणं), केमिकल अँकर (रसायनाने बोल्ट पक्के करणं), त्याला डिझायनरची मंजुरी, आणि तोवर क्रेनचं भाडं चढतंच आहे. दोन्ही गोष्टींत फरक फक्त एका फोनचा. आणि तो फोन येतो की नाही, हे त्या संध्याकाळी ठरत नाही. त्याआधी कधीतरी कोणी अडचण सांगितली तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, त्यावर ते ठरलेलं असतं.

हे फक्त साइटवरचंच सत्य नाही. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमकडून चुका कमी होतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर त्यांना दिसलं की या टीममध्ये चूक बोलून दाखवायला कोणी घाबरत नव्हतं, म्हणून नोंद जास्त होत होती. तेव्हा एखाद्या साइटवरून महिनाभर एकही तक्रार आली नाही तर मी निर्धास्त होत नाही, गाडी काढून बघायला जाते.

म्हणून पहिली सवय, कोणी अडचण सांगितली की तोंडातून निघणारं पहिलं वाक्य ठरवून ठेवा. "बरं झालं सांगितलं" पुरतं. त्यानंतर काय करायचं ते बोला. का झालं, कोणामुळे झालं हे दुसऱ्या दिवशी, डोकं शांत असताना, त्या माणसाला बाजूला घेऊन. ग्रुपवर कोणाला झापू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर चारचौघांत बोलणी खाल्लेला मुकादम पुन्हा कधी फोटो टाकत नाही, टाकलाच तर चांगल्या बाजूचा.

दुसरी सवय प्रश्न विचारण्याची. "किती टक्के झालं?" हा प्रश्न सोडून द्या. त्याला ऐंशी टक्के हे उत्तर ठरलेलं असतं आणि ते तीन आठवडे ऐंशीच राहतं. मी विचारते, "पुन्हा हात लावायची गरज नाही असं कोणतं काम संपलं?" आणि "उद्या सकाळी आठला काम सुरू करायला काय कमी पडेल?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं फार खरी येतात. वेल्डिंग रॉड संपत आलेत, डीजीला (जनरेटरला) डिझेल नाही, वेल्डर लग्नाला गेलाय, अमुक ड्रॉइंगची सुधारित प्रत मिळालेली नाही. यातलं अर्धं तुम्ही दोन फोनमध्ये सोडवू शकता. ते सोडवलंत की वयाचा प्रश्न आपोआप मागे पडतो. मोठ्या माणसांना तुमचं वय खुपत नाही. त्यांची अडचण ऐकून तुम्ही काहीच करत नाही, हे खुपतं.

हे प्रश्न केबिनमध्ये बोलावून विचारू नका. सकाळी ऊन चढायच्या आत साइटवर चक्कर मारा, रोज त्याच वेळी, म्हणजे लोकांना माहीत असतं की तुम्ही भेटाल. मुकादमासोबत टपरीवर चहा घ्या. माझ्या एका मुकादमाने चहा पिता पिताच सहज म्हटलं होतं, "मॅडम, लडके लोग अगले हफ्ते गाँव निकलेंगे, रोपा लगाना है." कोणत्याही मीटिंगच्या मिनिट्समध्ये ही ओळ आली नसती.

यावरून शेड्यूलचं सांगते, कारण नागपुरात माणसांची कदर करण्याची सुरुवात कॅलेंडरपासून होते. आपल्याकडचे मजूर छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड, भंडारा, गोंदियाकडचे. बहुतेकांच्या घरी धानाची शेती. जुलैमध्ये रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, त्या दिवसांत अर्धी गँग गावी असणार. हे त्यांचं पोट आहे, यात बेशिस्त काही नाही. रोवणीला जाऊ नका म्हणून हात जोडण्यापेक्षा ते दिवस आधीच शेड्यूलमध्ये टाका आणि मुकादमाला विचारून परतायची तारीख घ्या. पोळा, तान्हा पोळा आणि मारबत (नागपूरची मिरवणूक) यांच्या दिवशी मोठं काम ठरवू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे दीक्षाभूमीच्या परिसरातून अवजड सामान न्यायचा विचारही नको. आणि अनेकांचा तो घरचा सण आहे, त्यांना सुटी मागावी लागू नये. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सरकारी सही हवी असलेलं प्रत्येक काम त्याआधी उरका. मेमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर माणूस ठेवू नका, तेवढे तास सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. पाऊस जूनच्या मध्यावर येतो असं धरून खोदाई आणि पाया त्याच्या आत बसवा.

मुदतीचा अंदाज कोणाच्या उत्साहावर घेऊ नका. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं असं धरून सांगा म्हटल्यावर ४९ च्या जवळपास. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे माणसाने मुद्दाम वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. म्हणून फॅब्रिकेटरला "शीटिंगला किती दिवस लागतील?" (शीटिंग म्हणजे पत्रे बसवणं) विचारण्याऐवजी "मागच्या शेडला किती लागले होते?" विचारा, आणि शक्य असेल तर जुने डीपीआर (रोजच्या कामाचे अहवाल) काढून दोघं मिळून बघा. तुम्ही त्याला खोटं पाडत नाही, एका कागदाकडे दोघं बघत आहात. यात त्याचा मान राहतो आणि तारीखही खरी मिळते.

वयाने मोठ्या माणसांचा अनुभव वापरायची एक रीत मला फार उपयोगी पडली. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ती २००७ मध्ये लिहून मांडली. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवा आणि सांगा, "समजा दसरा आला आणि शेड उभी नाही. झालेलं आहेच असं धरा. काय झालं असेल ते सांगा." काही शंका आहे का विचारलं की लोक गप्प बसतात, कारण शंका म्हणजे साहेबाच्या प्लॅनवर बोट ठेवणं. पण फसलेलंच आहे म्हटलं की जीभ सुटते. सर्वांत लहान माणसापासून सुरू करा, ज्येष्ठ फोरमन नंतर, तुम्ही सर्वांत शेवटी. लिहिता येत नसेल त्याचं तुम्ही लिहून घ्या. मागे अशाच बैठकीत एका वयस्कर फोरमनने सांगितलं की त्या प्लॉटच्या मागून नाला जातो आणि पावसात तिथे ट्रेलर वळत नाही. नकाशावर तो नाला नव्हता. आम्ही स्टील जूनच्या आधीच आत आणून ठेवलं. त्यानंतर त्या फोरमनशी वागायचं कसं, हा प्रश्नच उरला नाही.

लिहून ठेवण्याबद्दल थोडक्यात. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाका: काम, नाव, तारीख. नाव एकाच माणसाचं. "फॅब्रिकेशन टीम" असं लिहिलं की ते कोणाचंच नसतं. वाचणं जड जातं अशांना हिंदीत व्हॉइस नोट पाठवा.

मालकाशी बोलणं हा वेगळा विषय वाटतो, पण नियम तोच. त्याच्याकडेही वाईट बातमी तुमच्याकडूनच आणि लवकर गेली पाहिजे. मशीन बसवायचा मुहूर्त त्यांनी दसऱ्याचा काढलेला असतो आणि ते म्हणतात, माणसं वाढवा. काही कामं माणसं वाढवून लवकर होतात, काही होत नाहीत, हे त्यांना शांतपणे उदाहरणासकट सांगा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे कोरड्या आणि उष्ण हवेत काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं. तिथे पन्नास माणसं उभी केली तरी ते १० दिवस राहतातच. शीटिंगला मात्र दुसरी गँग लावता येते, तिचा खर्च इतका. आधी फोनवर बोला, मग मेल करा, आणि प्रत्येक वेळी दोन पर्याय घेऊन जा. खालच्या माणसांना न विचारता मालकाला तारीख देऊन येऊ नका. तसं एकदा केलंत तर साइटवर तुमच्या शब्दाला पुन्हा वजन यायला फार वेळ लागतो.

एका ठिकाणी मात्र मी ऐकून घेत नाही. उंचीवर हार्नेसशिवाय (सुरक्षा पट्ट्याशिवाय) कोणी चढला की काम तिथेच थांबतं, मग तो कितीही जुना आणि कुशल रिगर (लोखंड वर चढवणारा) असो. आवाज चढवायची गरज नसते. "काका, खाली या, हार्नेस लावा, मग बोलू." रोज, प्रत्येकाला, सारखंच. उद्या स्लॅब आहे म्हणून आज सूट दिली की संपलं.

शेवटी पैसे, कारण आपल्या बोलण्यात ते फार उशिरा येतात. मजुरांची आठवड्याची खर्ची (खर्चासाठीची उचल) आणि कंत्राटदाराचं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) वेळेवर निघालं तर लोक तुमच्याशी खरं बोलतात. अडकलं तर वरचं सगळं व्यर्थ आहे. पैसे देणं तुमच्या हातात नसेल, पण मोजमाप तपासून सही करणं तुमच्याच हातात असतं. बिल टेबलावर आलं की दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाला सोबत घेऊन साइटवर मोजा. कुठे कापायचं असेल तर तिथेच दाखवून कापा, अकाउंट्समध्ये गेल्यावर नाही. आणि खर्चीचा कागद शुक्रवारी सकाळीच अकाउंट्सला द्या. दुपारनंतर गेलेला कागद सोमवारवर जातो, आणि मुकादमाला शनिवारी संध्याकाळी पंचवीस माणसांसमोर उभं राहायचं असतं.