‘हॉरी’ म्हणजे जुनाट नव्हे

फोंड्याचे एक स्नेही देवस्थानच्या इंग्रजी माहितीपत्रिकेचे मराठी करीत आहेत. सोमवारच्या पालखीसंबंधी त्या पत्रिकेत ‘हॉरी ट्रॅडिशन’ (hoary tradition) असे शब्द आले असून, शब्दकोशात ‘हॉरी’चे ‘अतिशय जुना’ आणि ‘वापरून वापरून शिळा झालेला’ असे दोन्ही अर्थ सापडल्यामुळे ‘जुनाट परंपरा’ असे लिहावे काय, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते तसे मुळीच लिहू नये, कारण ‘जुनाट’ म्हटले की ती वस्तू टाकून द्यावी, असा भाव आपोआप येतो.

‘हॉरी’ हा मुळात रंगाचा शब्द आहे. ‘हॉर’ म्हणजे करडा-पांढरा. थंड मुलखात हवेतली वाफ गोठून गवतावर जो पांढरा थर बसतो, त्याला ‘हॉरफ्रॉस्ट’ म्हणतात ते यावरूनच. पुढे हा रंग पिकलेल्या केसांना लागला, केसांवरून तो वयाकडे गेला आणि वयाबरोबर मानही आला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘हॉरी हेड’समोर, म्हणजे पिकल्या केसांच्या माणसासमोर, उठून उभे राहावे अशी आज्ञा आहे. जर्मन भाषेत पुरुषाच्या नावाआधी आपल्या ‘श्रीयुत’सारखा लावला जाणारा ‘हेर’ हा शब्दही याच मुळातला आहे. आपणही ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे म्हणतो, तेव्हा पांढऱ्या केसांच्या आधारे अनुभवाचा अधिकारच सांगत असतो.

दुसरा अर्थ या वयातूनच फुटला. विनोद, सबब, युक्तिवाद या गोष्टींचा जीव ताजेपणात असतो, त्यामुळे त्यांचे केस पिकले की त्यांना मान मिळत नाही, कंटाळाच वाट्याला येतो. ‘हॉरी जोक’ म्हणजे घासून गुळगुळीत झालेला विनोद. आजीच्या पेटीतला पोर्तुगीज काळातला रुपिया बोटांनी चाचपून पाहिला, तर त्यावरची मुद्रा पुसट झालेली लागते. ‘गुळगुळीत’ या विशेषणात तेच हाताळून झिजणे आहे. विषय असेल तर ‘चावून चोथा झालेला’ आणि सबब असेल तर ‘तीच ती जुनी सबब’ असे म्हणावे. ‘शिळा’ हा शब्दही चालतो, पण त्यात वापराने झिजण्यापेक्षा वेळ टळून गेल्याची छटा अधिक आहे.

म्हणून पुढचे नाम पाहिल्यावाचून ‘हॉरी’चे भाषांतर करू नये. देऊळ, परंपरा, भूतकाळ यांच्याआधी तो आला, तर बहुधा आदराचाच असतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी लेखनात ‘हॉरी पास्ट’ अजूनही आदरानेच लिहिले जाते. तरीही लेखकाचा सूर पाहावाच लागतो, कारण एखाद्या रूढीवर टीका करणारा माणूसही तिला ‘हॉरी’ म्हणू शकतो. शिवाय पुनरावृत्ती झाली म्हणजे कंटाळा आलाच, असेही नाही. आमच्याकडच्या काल्यात, म्हणजे देवळातल्या लोकनाट्यात, संकासुराचे सोंग दरवर्षी ओळखीच्याच लकबीने हसवतो आणि लोक त्या लकबीची वाट पाहत बसलेले असतात. तिला शिळी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘जीर्ण’ हा शब्द जवळचा वाटेल, पण तो जपून वापरावा. देवळाचा जीर्णोद्धार होतो, तेथे ‘जीर्ण’ म्हणण्यात कमीपणा नाही, कारण पडझड झालेल्या वास्तूला पुन्हा उभे करायचे असते. ‘जीर्ण परंपरा’ म्हटले, तर मात्र ती मोडकळीला आल्याचा समज होईल, आणि दर सोमवारी पालखी तर निघतेच आहे. ‘प्राचीन’ चुकीचा नाही. तथापि तो इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो आणि आजही चालू असलेल्या गोष्टीला थोडा दूर ढकलतो. पत्रिकेत ‘सोमवारच्या पालखीची ही पुरातन परंपरा’ असे लिहावे, किंवा वाक्य मोकळे करायचे असेल, तर ‘सोमवारी पालखी काढण्याचा प्रघात पूर्वापार चालत आला आहे’ असे लिहावे. मला स्वतःला दुसरे वाक्य अधिक आवडते, कारण देवळातली वडीलधारी माणसे या पालखीविषयी ‘पूर्वापार’ हाच शब्द वापरतात.