इंग्रजीचे बारा काळ पाठ आहेत पण बोलताना चुकतात, सराव कसा करावा?

तक्ता पाठ आहे म्हणता ना, मग तो आता भिंतीवरनं काढा. मलापण आठवीपासनं 'शॅल हॅव बीन'पर्यंत सगळा पाठ होता आणि तरी शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटीला असताना माझी जी शोभा झाली ती ऐका.

जर्मनीचा कस्टमर ऑडिटला आलेला. जुलै महिना, आणि आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. त्याला सकाळी हॉटेलवरनं आणायचं काम माझ्याकडं. मी तावडे हॉटेलच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो आणि त्याचा फोन, कुठं आहेस म्हणून. आता आपण काय म्हणतो? 'आलो आलो, दोन मिनिटं!' तेच मी इंग्रजीत केलं, 'आय केम, आय केम!' आणि ठेवला फोन. हा बिचारा, मी आलोय म्हटल्यावर गेटबाहेर जाऊन माझी गाडी हुडकत उभारला, छत्री नाही काही नाही. वीस मिनिटांनी पोचलो तर बुटात पाणी पचपच वाजायलंय. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, 'यू केम? व्हेन?'

तक्त्यात बघितलं तर माझं वाक्य करेक्ट होतं की! घोळ मराठीचा. आपण पोचायच्या आधीच 'आलोच' म्हणतो, उद्याचं सांगताना 'उद्या जातो मुंबईला' म्हणतो, आणि काल येऊन अजून इथंच असलो तर 'कालच आलोय', म्हणून तोंडातनं 'आय हॅव कम यस्टरडे' निघतं. यस्टरडे आला की हॅव चालत नाही, सरळ केम.

त्यानंतर मी गाडीवरनं जाता-येता एकच क्रियापद घेऊन बडबडत सुटायचो. जेवायलोय, ॲम ईटिंग. जेवलोय, हॅव ईटन. काल जेवलो, एट. शाळेत याच 'जेवायलोय'ला बाईंनी अशुद्ध म्हणून तांबडी रेघ मारलेली, आणि कंटिन्युअस मला कळला तो त्याच शब्दानं.

आमचे साडू स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतात, ते पोरांकडनं बारा काळांच्या वह्याच्या वह्या भरून घेतात. एका लग्नात पंगतीला मी म्हटलं, अहो इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत, भविष्याला विल बाहेरनं आणावा लागतो, बाकी सगळी 'बी' (ॲम, इज, वॉज) आणि 'हॅव'ची जोडाजोडी. जिलेबी तशीच ठेवून उठले.

हां, बोर्डाची नाहीतर कुठली स्पर्धा परीक्षा असेल तर तक्ता लागतोच. आणि गो-वेंट-गॉन घोकल्याशिवाय इलाज नाही, तेवढं साडूंचं बरोबर आहे.

परवा त्यांच्याच पोराचा फोन आलेला पुण्याहून, 'काका, आय हॅव कम यस्टरडे'. साडूंना अजून सांगितलेलं नाही, दिवाळीला जेवायला येणार आहेत तेव्हा बघतो.