परड्यात पडलेलं झाड ऐन की बिब्बा?

प्रश्न : आमचं गाव राजापूर तालुक्यात. मे महिन्यातल्या वादळी पावसात घरामागच्या परड्यातलं एक जुनं झाड मुळासकट आडवं झालं. कटर मशीनवाल्याने ओंडके करून दिले पण झाड कसलं ते त्यालाही सांगता येईना. शेजारचे म्हणतात किंजळ, काका म्हणतात ऐन, आणि आईला भीती की बिब्बा असेल कारण दोन दिवसांत कापलेल्या तोंडांवर काळे डाग पडलेत. लाकूड जाम जड आहे, साल काळपट आणि चौकोनी भेगांची. न्हाणीघरातल्या चुलीला वापरू का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : आईंची भीती बरोबर जागेवर आहे, त्यामुळे आधी तिचंच उत्तर देतो, नाव मागाहून शोधू. जळणासाठी अनोळखी झाड हातात आलं की "हे कोणतं" याच्या आधी "यातून काय गळतंय" हे विचारायचं. कोकणात बिब्बा आणि त्याच्याच भावकीतला रानबिब्बा दोन्ही आहेत, त्यांचा चीक अंगाला लागला तर फोड उठतात आणि लाकूड जाळलं तर तोच त्रास धुराबरोबर डोळ्यात, घशात, छातीत जातो. हे कुठलंही अंगावर काढायचं दुखणं नाही.

पण काळा डाग म्हणजे बिब्बाच असं नाही, इथेच बरेच जण फसतात. ऐन, किंजळ, हिरडा ही सगळी एकाच घराण्यातली झाडं, यांच्यात टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर. ओल्या लाकडावर लोखंडी पातं चाललं की टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा रंग धरतो. पूर्वी हिरड्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे ती याच गुणावर. म्हणजे तुमच्या ओंडक्यांवरचे डाग कटरच्या पात्याचे असू शकतात.

मग ओळखायचं कसं? डाग जवळून बघा, पण हात लावू नका. टॅनिनचा डाग लाकडातच मुरलेला, सपाट आणि सुकलेला असतो, बोटाला लागेल असं वर काही नसतं. बिब्ब्याचा चीक साल आणि लाकूड यांच्यामधून थेंबाथेंबाने बाहेर येतो, जाड, चिकट, चकचकीत, आणि हवा लागली की काळा होत जातो. काठीच्या टोकाला पांढरी चिंधी बांधून ओल्या जागेवर दाबा आणि ती सावलीत ठेवून द्या. चीक असेल तर डाग काळा पडेल आणि साबणाने घासलात तरी जाणार नाही. परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरायचे, तो धुवून जात नाही म्हणूनच. चिंधी नुसती मळकट ओली राहिली तर आईंना सांगा की घाबरू नका.

दुसरी खूण वजनाची. बिब्बा आणि रानबिब्बा यांचं लाकूड हलकं, मऊ. तुम्ही लिहिलंय जाम जड, साल चौकोनी भेगांची, त्यावरून माझा कौल सरळ ऐनाकडे जातो. ऐनाची जुनी साल मगरीच्या पाठीसारखी दिसते, काळपट करडी आणि चौकटी चौकटी सुटलेली, वाळलेलं लाकूड घनफुटाला 24 किलोच्या आसपास भरतं. आणखी एक, ऐन खोडात पाणी साठवतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तोडला तरी ओंडक्यातून पाणी निथळतं, ते बघून कुणी चीक समजू नये.

काका आणि शेजारी यांच्यातला वाद मात्र सालीवरून मिटायचा नाही, त्याला झाडाखालचा पातेरा चाळा. पाच उभ्या पंखांचं सुकं फळ सापडलं तर ऐन. एकच मोठा पंख आणि बाजूला दोन बारके असतील तर किंजळ. पावसाळ्यानंतर किंजळीवर जे तांबूस घोस दिसतात ते याच फळांचे, घाटातून येता-जाता सगळ्यांनी बघितलेले असतात. फळ नाही मिळालं तर पान उलटं करा, ऐनाच्या पानामागे देठाजवळ मधल्या शिरेला लागून दोन पुटकुळ्या असतात. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला नक्की दाखवा. भाताच्या रोपासाठी भाजावळ करायला, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, ज्यांनी दरवर्षी ऐन-किंजळीची कवळं, म्हणजे डहाळ्या, तोडली त्यांना ही झाडं लांबून ओळखू येतात, कुठल्याही मोबाईल ॲपपेक्षा मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

जळणाच्या दृष्टीने ऐन काय आणि किंजळ काय, दोन्ही उत्तम. निखारा दमदार पडतो, पाणी तापेपर्यंत सारखं लाकूड सारावं लागत नाही. एक गोष्ट मात्र सांगतो, लाकूड पुरतं वाळलेलं असेल तर किलोमागे उष्णता जवळपास सगळ्याच झाडांची सारखी, साधारण 4000 ते 4500 किलोकॅलरी. जड लाकडाचा फायदा हा की तेवढ्याच जागेत जास्त किलो मावतात. म्हणून जळण टेम्पोच्या भावाने घेताना जड लाकूड परवडतं आणि वजनावर घेताना फक्त ते सुकं आहे ना एवढंच बघायचं, नाहीतर पाण्याचे पैसे मोजता.

आणि तुमच्या ओंडक्यांची खरी अडचण तीच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा 40 टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ते वीसच्या आसपास आलं की नीट जळतं. मे महिन्यात पडलेला ऐन जूनच्या आधी वाळणं शक्यच नाही आणि आपल्याकडच्या पावसात तर उलट बुरशी धरेल. त्यामुळे ओंडके तसेच पडू देऊ नका, पाचर मारून आत्ताच फोडून घ्या, सुकलेला ऐन कुऱ्हाडीला दाद देत नाही. जमिनीपासून वीतभर उंच, पडवीच्या छपराखाली, मधून वारा खेळेल असं रचा, प्लास्टिकने सगळीकडून गुंडाळू नका. दिवाळीनंतर ऊन-वारा मिळाला की एक फाळका दुसऱ्यावर आपटून बघा, खणखणीत वाजला, टोकांना भेगा पडल्या, साल आपोआप सुटायला लागली की पुढच्या पावसाळ्याची बेगमी तयार. यंदा सुरूची लाकडं किंवा जुन्या काजूच्या वाळलेल्या फांद्या बघा, सुरू लवकर वाळतो आणि तापही चांगला देतो.

ऐन आणि किंजळ दोन्ही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, झाड तुमच्या परड्यातलं असलं तरी. ते वादळाने पडलंय हे दिसेल असे मुळांचे फोटो काढून ठेवा आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवा. लाकूड गावाबाहेर न्यायचं किंवा विकायचं असेल तर वाहतूक पासाचं आधी विचारा.

चिंधी काळी झालीच तर ते लाकूड चुलीत घालू नका, शेतात पेटवून संपवूही नका, आणि पोरांना तिथे खेळू देऊ नका. चीक अंगाला लागला तर लगेच गार पाणी आणि साबणाने धुवा, फोड आले किंवा धुराने धाप लागली तर सरळ डॉक्टरकडे.

प्रश्न : खाडीच्या काठाला तिवरांची सुकी लाकडं पडलेली असतात. आमच्याकडे पूर्वी सगळे जाळायचे. आता आणली तर चालेल का? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : नका आणू. तिवरं, कांदळ ही झाडंही त्याच 1964 च्या यादीत आहेत आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली आहे. पूर्वी जाळायचे हे खरं, पण उधाणाला काठ जो धरून राहतो तो यांच्याच मुळांमुळे, माडाच्या बागा त्यांच्या मागेच आहेत. शिवाय खाडीतल्या एका झाडाचा पांढरा दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते आणि सुक्या लाकडावरून ते ओळखता येत नाही.

प्रश्न : काजूची टरफलं फुकट मिळतात, भाकऱ्यांच्या चुलीत घातली तर? (एक वाचक, मालवण)

उत्तर : स्वयंपाकाच्या चुलीत नको. टरफलात जे तेल असतं ते कातडीला जाळणारं, बिब्ब्याच्या तेलाचं सख्खं भावंड, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. कारखान्यांत ती बॉयलरला वापरतात पण तिथे उंच धुराडं असतं. भाकऱ्यांना सोडणं, करवंट्या, सुक्या झावळ्या आहेतच की, त्या आधी संपवा.