यिर्मयानं वावर घेतलं तेव्हा

पोरी, येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. "मावशी, देवाचं राज्य येते येते म्हणतात, मग आमच्या धुऱ्यापर्यंत कधी येईन?" असं विचारलंस आणि खाली लिहिलंस की रागावू नका. रागावू कायले? "हे परमेश्वरा, कुठवर?" असं तर दावीद स्तोत्रात सरळ देवालाच विचारतो आणि ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. तू पण विचार, प्रार्थनेत विचार, आवाज चढला तरी चालते.

सोयाबीनचं मी पाहिलं आहे. सोंगून गंजी लावली अन वरून पाऊस, शेंगेतच कोंब फुटले, तुमच्या अंगणात ते दाणे मी हातावर घेतले होते तर एका बाजूनं काळे आणि बोटानं दाबले की मऊ लागत होते. 2025 च्या खरिपाला हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, पण तो ओलावा 12 टक्क्याच्या आत असलेल्या मालाला, मशीननं जास्त दाखवलं की पोतं परत गाडीत आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. वर सोसायटीचं कर्ज, आईच्या नावानं घेतलेला गटाचा हप्ता. अशात कोणी तुला म्हटलं "विश्वास ठेव सगळं छान होईल" तर तुला राग येणारच, मला पण येतो. आणि ते मोबाईलवरचे प्रचारक, जे म्हणतात आधी विश्वासाचं बी म्हणून पैसे पाठवा मग देव शंभरपट देईल, त्यांना एक रुपया पाठवू नकोस. येशूनं असं कधी कोणाकडून घेतलं नाही, आणि गरिबाच्या घरातून असा पैसा काढणं मला साफ पाप वाटते.

तू आज रात्री बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा 32 वा अध्याय काढ. उपासनेत तो फारसा वाचल्या जात नाही, का ते माहीत नाही, आपल्या शेतकऱ्याच्या मंडळीत तर दरवर्षी वाचायला पाहिजे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहर जाणार हे यिर्मयाच सगळ्यांना सांगत होता म्हणून राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबून ठेवलेलं. अशात त्याचा चुलतभाऊ येतो अन म्हणतो आपल्या गावचं, अनाथोथचं माझं वावर तू विकत घे. विचार कर, गावोगाव शत्रू फिरून राहिला, त्या जमिनीला कोण विचारते? पण देव सांगतो घे, आणि हा माणूस 17 शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तराजूत तोलून देतो, खत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद अन एक उघडी, दोन्ही त्याचा लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो की मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आपण सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवतो ना, अगदी तसंच. कारण देवानं सांगितलं होतं की या देशात घरं, वावरं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मला सगळ्यात जास्त धीर पुढच्या ओळींनी येते. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्यात गोंधळ स्पष्ट दिसते, म्हणजे देवा, शहराला वेढ्याचे मोर्चे लागले आहेत अन तू मला म्हणतोस पैसे देऊन वावर घे? त्याला सगळं समजलं होतं म्हणून त्यानं सही केली असं नाही. सही आधी केली, विचारलं नंतर, देव रागावला नाही, उत्तर दिलं.

आता तू म्हणशील, मग पिकवलं का त्यानं ते वावर? नाही. शहर पडलं, पुढं लोक त्याला ओढून मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये घेऊन गेले, तिथून तो परत आल्याचं कुठं लिहिलेलं नाही. पण बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांची यादी आहे, रुक्ष वाटते म्हणून आपण सोडून देतो, तिच्यात 23 वं वचन पाहा, अनाथोथचे लोक 128. त्याच गावचे! बोललेलं खरं झालं, त्याच्या डोळ्यासमोर नाही झालं.

आपली आशा याच्याही पुढं जाते पोरी, कारण आपला प्रभू कबरेतून उठला. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात पुनरुत्थानावर एवढा मोठा अध्याय लिहिला आणि शेवटी काय म्हटलं, तर कामात लागून राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. मेल्यावर वर जायचं म्हणून इथलं कसंही चालेल, असं तो म्हणत नाही. येशूनं पण "तुझे राज्य येवो" शिकवलं ते "पृथ्वीवरही" म्हणून, आणि त्याच दमात रोजची भाकर अन ऋण सोडण्याची गोष्ट केली. म्हणजे तुमच्या घरचा डबा अन तुमचं कर्ज त्याच्या राज्याच्या बाहेरचं नाही. पुढच्या वर्षी भाव मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही, त्याचं वचन आपल्याजवळ नाही. तो राज्य करतो आणि एक दिवस पूर्ण न्यायानं करील, याचं वचन आहे.

पंडिता रमाबाईंचं आठव. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं आईबाप गेले, बहीण गेली. पुढं 1896-97 ला दुष्काळ पडला तेव्हा त्याच बाई आपल्या बाजूच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. त्यांनी आशेवर नुसतं प्रवचन केलं असतं तर त्या मुलींचं काय झालं असतं?

तर तू आता काय करशील ते लिहिते. पंचनाम्याच्या यादीत बाबांचं नाव आहे का ते तलाठ्याकडे स्वतः जाऊन पाहा, फार्मर आयडी अन केवायसी अडकलं असेल तर आधी ते सोडव. हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका, गटातल्या बायांना खरं सांगा, लाजायचं काही कारण नाही. बाबांना रात्री एकटं वावरात जाऊ देऊ नकोस, कोणीतरी सोबत जा. ते बोलेनासे झाले, जेवणावरून उठू लागले, किंवा तुझंच मन फार खाली गेलं, तर 14416 वर फोन कर, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना पण कर आणि फोन पण कर, फोन केला म्हणून विश्वास कमी होत नाही. मला तर कधीही लाव, रात्री दोन वाजता लाव.

वावर विकायचं घरात चाललं आहे असं ऐकलं. घाईत सही करू नका, आधी कर्जाचे सगळे कागद घेऊन रविवारी उपासनेनंतर थांब, पाळकसाहेबांना अन सोसायटीतल्या आपल्या माणसाला मी बोलावून ठेवते, बसून एकेक पाहू. हरभऱ्याचं बियाणं नसेल तर तेही सांग, आमच्याकडे दोन बॅगा उरल्या आहेत.

आईला सलाम सांग.

तुझी मावशी